भारमानाच्या रकान्यात न मावणारी एसटी

सकाळी सातला आडगावातून तालुक्याला निघालेली एसटी गच्च भरलेली असते. कॉलेजची पोरे, दवाखान्याला निघालेल्या आज्या, भाजीच्या पाट्या. हीच गाडी त्याआधी तालुक्याहून गावाकडे आली तेव्हा जवळपास रिकामी होती, कारण त्या वेळी गावाकडे जायला कुणी नसते. संध्याकाळी चित्र उलटते. जाताना पाय ठेवायला जागा नाही, परतताना तिकीट काढायला माणूस नाही. दोन्ही खेपांचा एकत्र हिशेब केला, तर एका दिशेची सगळी आसने भरूनही सरासरी भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण, पन्नास टक्क्यांच्या आसपासच राहते. कागदावर ही फेरी ‘कमी भारमानाची’ ठरते आणि फेऱ्या कमी करायची वेळ आली की कुऱ्हाड आधी तिच्यावर पडते.

मुक्कामी गाडीची पद्धत या अडचणीवर फार शहाणपणाने काढलेला तोडगा आहे. संध्याकाळी भरून गेलेली गाडी रात्रभर गावातच थांबते आणि सकाळी भरूनच परतते. रिकामी धाव वाचते, डिझेल वाचते आणि शाळेची वेळही साधते. शाश्वत वाहतूक हा शब्द कुणी उच्चारत नव्हते, तेव्हापासून ती चालत आली आहे.

भारमान मोजतात कसे, ते जरा जवळून पाहू. समजा, ४४ आसनांची गाडी ३० किलोमीटर धावली, म्हणजे तिने १३२० आसन-किलोमीटर देऊ केले. पहिले दहा किलोमीटर सगळी आसने भरलेली होती, पुढचे वीस किलोमीटर फक्त ११. प्रत्यक्ष वापर झाला ४४० अधिक २२०, म्हणजे ६६० प्रवासी-किलोमीटर. भारमान बरोबर ५० टक्के. आता हीच गाडी दहाव्या किलोमीटरवरून मागे फिरवली तर भारमान थेट शंभर टक्के होते. आकडा दुप्पट सुधारला आणि पुढच्या गावांतली ११ माणसे वडाप शोधायला लागली. आकडा खोटा नाही. पण तो फक्त गाडीत बसलेल्यांची गोष्ट सांगतो. वाहकाच्या मशीनमध्ये कोण कुठे चढले ते नोंदले जाते. थांब्यावर ताटकळून घरी परतलेल्या माणसाची नोंद कुठेच होत नाही.

पर्यावरणाच्या मोजमापात मात्र भारमानाला खरेच मोल आहे, ते नाकारून चालणार नाही. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला पाच किलोमीटर जाणारी बस धरली, तर किलोमीटरमागे साधारण ५४० ग्रॅम. गाडीत ४० माणसे असतील तर माणशी जेमतेम १४ ग्रॅम, आठच असतील तर ६८ ग्रॅम. लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलचा हिशेब ४६ ग्रॅमच्या आसपास येतो आणि मागे कुणी बसले तर तोही निम्मा होतो. म्हणजे आठ प्रवाशांची बस माणशी दुचाकीपेक्षा जास्त कार्बन सोडते. बस म्हटली की पर्यावरणपूरकच, असे सरसकट म्हणता येत नाही. ती भरली पाहिजे, किंवा आठ माणसांसाठी लहान गाडी धावली पाहिजे.

विजेच्या बसचेही असेच आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर धावली. ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. मोठ्या बसला किलोमीटरमागे साधारण एक ते सव्वा युनिट वीज लागते. देशात आजही बहुतांश वीज कोळशापासून होते, त्यामुळे एका युनिटमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. गुणाकार केला तर वातानुकूलित विजेची बस महामार्गावर साध्या लाल डिझेल गाडीपेक्षा कमी नव्हे, जास्तच कार्बनला कारण ठरू शकते. लिटरला साडेतीन किलोमीटर जाणाऱ्या वातानुकूलित डिझेल बसशी तुलना केली तर दोघी जवळपास बरोबरीत येतात. शहरात पारडे फिरते. दर दोनशे मीटरला थांबणाऱ्या डिझेल बसचे इंधन उभ्या उभ्या जळते. विजेची बस ब्रेक लावताना वाया जाणारी बरीच ऊर्जा बॅटरीत परत भरून घेते. शिवाय तिचा धूर शाळेसमोर, बाजारपेठेत माणसांच्या नाकात जात नाही. आणि सौर, पवन विजेचा वाटा वाढेल तसतसा तीच बस, तोच रस्ता असूनही तिचा कार्बन खाली येत जाईल. डिझेलला ती सोय नाही. म्हणून ‘किती बस विजेच्या झाल्या’ हा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. कुठल्या मार्गावर झाल्या, कुठली वीज भरली आणि किती माणसे बसली, हे त्याच्या शेजारी लिहिलेले हवे.

पण माझा खरा आग्रह तिसऱ्या मोजमापाचा आहे, ते म्हणजे पोहोच. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत शहरांसाठी एक निर्देशक आहे: किती लोकांच्या घरापासून बसथांबा ५०० मीटरच्या आत, किंवा रेल्वे-मेट्रोचे स्थानक एक किलोमीटरच्या आत आहे? खेड्यांसाठीचा निर्देशक वेगळा आहे: किती लोक बारमाही रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहतात? फरक नीट पाहिला की अस्वस्थ व्हायला होते. शहरात वाहन मोजायचे, खेड्यात डांबर! पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली आणि तिने हजारो वाड्यांपर्यंत रस्ते नेले, हे मोठेच काम आहे. पण ज्या बाईकडे दुचाकी नाही, तिच्यासाठी बस नसलेला रस्ता म्हणजे दुसऱ्यांची वाहने जाताना पाहायची जागा. निर्देशकात मात्र तिचे गाव ‘जोडलेले’ असते.

वॉल्टर हॅन्सन या अमेरिकी नियोजनकाराने १९५९ साली पोहोच मोजण्याची रीत मांडली: एखाद्या ठिकाणाहून किती संधी गाठता येतात आणि त्या गाठायला किती कष्ट पडतात, हे एकत्र मोजायचे. आपल्या तालुक्याला ती लावायची तर प्रश्न अगदी साधे होतात. या वाडीतून सकाळी निघून दहाच्या आत कनिष्ठ महाविद्यालयात पोहोचता येते का? शेवटची गाडी सुटते तेव्हा शेवटचा तास संपलेला असतो का? आठवडी बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन जाता येते का? ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ गाठून त्याच दिवशी परतता येते का? यासाठी महागडे सर्वेक्षण लागत नाही. वेळापत्रक, थांब्यांचा नकाशा आणि जनगणनेतली गावनिहाय लोकसंख्या, एवढ्यावर एका तालुक्याचा पहिला नकाशा तयार होतो. संध्याकाळची एक फेरी अर्ध्या तासाने पुढे ढकलली तर किती मुलींना घरी परतायला गाडी मिळते, हे गाडी हलवण्याआधीच सांगता येते.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. त्या काळात किती उत्पन्न बुडाले, ते आगारनिहाय काढता येते. कुणाची किती शाळा बुडाली, कुणाच्या डायलिसिसच्या खेपा चुकल्या, याला त्या हिशेबात रकानाच नाही.

हा रकाना काढणे अशक्य नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्यासाठी खास निळ्या बस दिल्या गेल्या. त्यांच्या खर्चासाठी या कार्यक्रमातून पैसा येतो; तिकिटाच्या गल्ल्यावर त्यांचे भवितव्य सोडलेले नाही. त्या फेऱ्यांचे यश भारमानाने मोजायचे नसते, हे शासनाने तिथे मान्य केलेच आहे. मग उरलेल्या तालुक्यांतली दुपारची एक गाडी बंद करण्याआधी विभागीय कार्यालयाच्या तक्त्यात भारमान आणि डिझेलच्या शेजारी आणखी एक आकडा हवा: ही फेरी गेली तर किती माणसांची शाळा, दवाखाना आणि बाजार एका दिवसात गाठायच्या अंतराबाहेर जाईल. तो आकडा ग्रामसभेतही वाचून दाखवावा, म्हणजे फेरी ठेवायची की नाही यावर गावालाही बोलता येईल.