अंगणातील उंच वाफा : ताज्या व खात्रीच्या द्रव्यांसाठी

ओले द्रव्य घ्यावयाचे असता ते कोरड्याच्या दुप्पट घ्यावे, हा परिभाषेतील सर्वसामान्य नियम आपणा सर्वांना परिचित आहे. शार्ङ्गधरसंहितेने मात्र काही द्रव्यांना या नियमातून वगळले आहे. गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा, कोरांटी, बाळंतशेप व प्रसारणी ही द्रव्ये सदैव ओलीच योजावीत आणि ती दुप्पट घेऊ नयेत, असा तेथे निर्देश आहे. प्रत्यक्ष व्यवहारात यांपैकी बहुतेक द्रव्ये आपल्याकडे पोत्यातून, वाळलेल्या अवस्थेत येतात. ती कोठून व केव्हा काढली, हे पुरवठादारासही अनेकदा सांगता येत नाही.

हा प्रश्न केवळ गुणवत्तेचा नाही, रुग्णाच्या सुरक्षिततेचाही आहे. २०२१ मध्ये मुंबईतील काही रुग्णांना गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतविकार झाल्याचा अहवाल वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावर आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दा उपस्थित केला. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया; तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही निराळी जाती आहे. त्या वादाचा निवाडा करण्याचा आमचा येथे हेतू नाही. परंतु ‘वैद्यराज, हा वेल कोठला?’ असे रुग्णाने विचारल्यास निःशंक उत्तर देता आले पाहिजे, याविषयी दुमत नसावे. घराच्या वा चिकित्सालयाच्या अंगणातील एकदोन उंच वाफे हे उत्तर देऊ शकतात. त्यांना रोजची मेहनतही फारशी लागत नाही.

उंच वाफाच का?

आपल्या अंगणातील तुळशीवृंदावन हा उंच वाफ्याचाच एक प्रकार होय. माती जमिनीपासून वर उचलली की पावसाचे पाणी मुळांशी साचत नाही. कोकणातील मुसळधार पावसात आणि देशावरील चिकट काळ्या मातीत शतावरी व कोरफड कुजण्याचे मुख्य कारण हे साचलेले पाणीच असते. उंच वाफ्यात माती आपण निवडतो, तिच्यावर पाय पडत नाही आणि ती भुसभुशीत राहते. मुळे काढताना ती तुटत नाहीत, तण कमी येते व वयस्कर मंडळींना फार वाकावे लागत नाही.

शहरातील वैद्यांसाठी आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभरात २००० साली बंद झाली. तथापि मातीत उतरलेले शिसे सहजासहजी नाहीसे होत नाही. रहदारीच्या रस्त्यालगतची किंवा जुन्या रंगाचे पोपडे पडलेल्या भिंतीखालची माती औषधी वनस्पतींसाठी वापरू नये. स्वच्छ माती बाहेरून आणून तळाशी जाड थर देणे हा सुरक्षित उपाय होय.

बांधणी व भरण

वाफ्याची रुंदी चार फुटांपेक्षा अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो. भिंतीलगत असल्यास दोन फूट पुरे. लांबी जागेप्रमाणे आठ ते दहा फूट व उंची एक ते दीड फूट ठेवावी. शतावरीसाठी दीड फूट आवश्यकच आहे. कडेला जांभा, विटा किंवा शहाबादी फरशी वापरावी. डांबर लावलेली लाकडे व सिमेंटचे जुने पत्रे टाळावेत. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी.

तळाशी वाळक्या काटक्या, नारळाची सोडणे व पालापाचोळा यांचा चार बोटे थर द्यावा. त्यावर दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि निचऱ्यासाठी थोडी वाळू यांचे मिश्रण भरावे. आठ फूट लांब, चार फूट रुंद व एक फूट खोल वाफ्यास बत्तीस घनफूट भरण लागते. पहिल्या पावसात ते खाली बसते, म्हणून थोडे चढते भरावे.

फार्मसीचालकांकडे खतासाठी काढ्यांचा चोथा विपुल असतो. तो शेण व पाल्यासह खड्ड्यात थरांनी कुजविल्यास उत्तम खत होते. मात्र बचनाग, कुचला, भल्लातक यांसारख्या विषवर्गीय द्रव्यांचा चोथा यात मिसळू नये. पारद, गंधक वा धातूंची प्रक्रिया झालेल्या भांड्यांचे धुवण तर वाफ्याच्या जवळपासही सोडू नये.

लागवडीची योजना

श्रम वाचवावयाचे तर दरवर्षी पेरावी लागणारी रोपे थोडी आणि बहुवर्षायू अधिक, हे सूत्र ठेवावे.

वाफ्याच्या सखल, ओलसर कडेला ब्राह्मी व मंडूकपर्णी शेजारी शेजारी, परंतु मध्ये फरशी उभी करून लावाव्यात. महाराष्ट्रात मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणून विकण्याची चाल आहे. ब्राह्मीची (बॅकोपा मॉनिएरी) पाने लहान, मांसल व लांबट असतात. मंडूकपर्णीची (सेंटेला एशियाटिका) पाने वाटोळी, वृक्काकार व कातरलेल्या कडांची. दोन्ही डोळ्यांसमोर असल्या की गोंधळ राहत नाही.

कोरड्या, वाळूमिश्रित टोकाला कोरफड आणि खोल मधल्या भागात शतावरी लावावी. कुंपणाला अडुळसा योजावा. त्याला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. गुळवेल वाफ्यात कोंडू नये. पावसाळ्याच्या आरंभी करंगळीएवढ्या जाडीचे, दोन-तीन डोळ्यांचे कांड वाफ्याबाहेर निंबाच्या बुंध्याशी लावावे. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात व फळ लांबट, नारिंगी असते. आपल्या गुळवेलीचे फळ गोल व लाल असते. कांड निवडताना ही लक्षणे पाहावीत.

पथ्यासाठी मायाळू व तोंडली एकदा लावली की दीर्घकाळ पुरतात. माठ, मेथी व चाकवत ऋतुमानाप्रमाणे फेकून पेरावेत. मांडवावर पडवळ, दोडका व दुधी चढवावेत. दुधीविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. कडू दुधीच्या रसाने झालेल्या विषबाधेबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञगटाचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. घरचा दुधीही कडू निघू शकतो. म्हणून आधी चकती चाखावी आणि कडू लागल्यास फळ टाकून द्यावे.

फुलझाडे ही केवळ शोभा नव्हे. झेंडूच्या मुळांतील द्रव्यांमुळे मातीतील सूत्रकृमींना आळा बसतो. गोकर्ण, जास्वंद व तुळशीच्या मंजिऱ्यांवर येणाऱ्या मधमाश्या वेलभाज्यांच्या फलधारणेस साहाय्य करतात. सदाफुली दिसावयास सुंदर असली तरी तिच्यातील अल्कलॉइडे तीव्र आहेत. मधुमेहावर तिची पाने चघळणारे रुग्ण आपणांस भेटतात. त्यांच्या हाती ती सहज लागणार नाही, अशाच जागी लावावी.

निगा

मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरावे. त्याने ओल टिकते, तण दबते आणि कालांतराने खतही होते. पाण्यासाठी ठिबक नळी किंवा मातीत गळ्यापर्यंत पुरलेले बिनचकाकीचे मडके पुरेसे आहे. मावा वा अळी दिसल्यास दर लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीचूर्ण रात्रभर भिजवून, गाळून फवारावे. रासायनिक कीटकनाशक येथे सर्वथा वर्ज्य समजावे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीनंतर, दोन बोटे खत वर घालावे. एवढी व्यवस्था झाली की आठवड्यातून तासाभराचे लक्ष पुरते.

नोंद आणि मर्यादा

प्रत्येक रोपाशी पाटी असावी. वहीत त्याचे शास्त्रीय नाव, रोप कोठून आणले, लागवडीची व काढणीची तारीख लिहावी. पहिले रोप कृषी विद्यापीठाच्या अथवा शासकीय रोपवाटिकेतून घ्यावे आणि वनस्पतितज्ज्ञाकडून त्याची ओळख पक्की करून घ्यावी. मूळच चुकीचे असेल, तर वाफा ती चूक वर्षानुवर्षे वाढवीत राहील.

अशा वाफ्यातून फार्मसीची वार्षिक गरज भागणार नाही, हे उघड आहे. कुडा हा तर वृक्षच. त्याला वाफ्यात स्थान नाही. वैद्याला मात्र स्वतःच्या रुग्णांपुरता अडुळशाचा वा गुळवेलीचा स्वरस यातून निश्चित मिळतो. फार्मसीचालकाच्या दृष्टीने हा नमुना वाफा आहे. पुरवठादाराचा ओला माल आला की आपल्या वाफ्यातील पान, कांड व मूळ त्याच्याशेजारी ठेवून पाहता येते. येथीलच थोडे द्रव्य वाळवून बरणीत ठेवल्यास सुक्या मालाची तुलनाही होते. प्रयोगशाळेतील परीक्षणाला हा पर्याय नाही. परंतु त्याआधीची ही चाळणी स्वस्त आहे आणि पोते उघडणाऱ्या कामगारालाही ती शिकविता येते.

येत्या पावसाळ्यापूर्वी निदान एक वाफा बांधून त्यात गुळवेलीचे नव्हे, तर प्रथम ब्राह्मी व मंडूकपर्णीचे एकेक रोप लावावे, असे आम्ही सुचवितो. ही दोन्ही रोपे लवकर पसरतात, आणि द्रव्य ओळखण्याची सवय हाताला व डोळ्याला लागते.