अलेक्झांड्रियात उरले आहे काय?

इजिप्तला जाणाऱ्या बहुतेक सहलींमध्ये अलेक्झांड्रियाच्या वाट्याला एकच दिवस येतो, आणि तोही पुरता नाही. सकाळी कैरोहून बस निघते. सव्वादोनशे किलोमीटर कापून झाले की एक किल्ला, एक स्तंभ, एक भुयारी दफनस्थान आणि नवे ग्रंथालय पाहायचे, समुद्राकाठी मासे खायचे आणि अंधार पडता पडता परत फिरायचे. परतलेल्यांचे मतही ठरलेले असते: नाव मोठे आहे, पण उरलेले काही नाही. सिकंदराचे थडगे सापडत नाही, दीपगृह पडले, ग्रंथालय गेले, क्लिओपात्राचा राजवाडा पाण्याखाली आहे. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. 'काय उरले आहे' हा प्रश्न लक्सरला विचारावा. तिथे वाळू-मातीने देवळे झाकली आणि म्हणूनच ती वाचली. बंदराच्या शहराला हा प्रश्न लागू पडत नाही. जे बंदर सव्वादोन हजार वर्षे वापरात आहे, तिथे जुना दगड जागच्या जागी राहत नाही. तो उचलला जातो, कापला जातो, दुसऱ्या भिंतीत बसवला जातो, नाही तर जहाजावर चढवला जातो. अलेक्झांड्रिया पाहायची तर हा दगड कुठून आला आणि कुठे गेला ते पाहावे. त्याला एक दिवस पुरत नाही, निदान तीन हवेत.

सुरुवात जमिनीपासून करावी. इसवी सन पूर्व ३३१ मध्ये सिकंदराने ही जागा निवडली, तेव्हा किनाऱ्यासमोर फॅरोस नावाचे एक बेट होते. त्याच्या मागून आलेल्या टॉलेमी राजांच्या काळात किनारा आणि बेट यांच्यामध्ये एक बांध घातला गेला. त्याची लांबी सात स्टेडिया, म्हणजे सुमारे सव्वा किलोमीटर, म्हणून त्याचे नाव हेप्टास्टेडियन. या एका बांधाने पाण्याचे दोन भाग झाले आणि पूर्वेला एक, पश्चिमेला एक अशी दोन बंदरे तयार झाली. वारा कुठूनही असो, एका बाजूला आसरा मिळायचा, आणि बांधातल्या पुलांखालून इकडची गलबते तिकडे नेता यायची. पुढे शतकानुशतके दोन्ही बाजूंनी गाळ साचत गेला, बांध रुंदावत गेला आणि अखेर बेटाचे बेटपण संपले. ओटोमन काळात शहर वसले ते या गाळावर. आज मनशिया चौकातून अन्फुशीच्या दिशेने चालत जाणारा माणूस दुकाने, मशिदी, वाळत घातलेले कपडे आणि मासळीबाजार ओलांडतो. पायाखालची ही सगळी वस्ती एकेकाळच्या समुद्रावर उभी आहे हे त्याला कोणी सांगत नाही. माझ्या मते अलेक्झांड्रियातले सर्वांत मोठे प्राचीन बांधकाम म्हणजे हीच चिंचोळी जमीन. तिला तिकीट नाही आणि ती सहलीच्या कोणत्याही पत्रकात नाही.

या वाटेच्या टोकाला काइतबे किल्ला आहे. इसवी सन पूर्व २८० च्या सुमारास पुरे झालेले, शंभर मीटरहून उंच दीपगृह इथेच होते. त्याची कीर्ती एवढी, की बेटाचे नावच फ्रेंच आणि इटालियन भाषांत दीपगृहाचा शब्द झाले. १३०३ च्या भूकंपाने ते खिळखिळे झाले. इब्न बतूता १३२६ मध्ये आला तेव्हा आत जाता येत होते, १३४९ मध्ये परत आला तेव्हा दारापर्यंतही पोहोचता येईना. १४७७ मध्ये मामलुक सुलतान काइतबे याने त्याच जागी किल्ला बांधायला घेतला आणि पडलेला दगड कामी आला. किल्ल्याच्या मुख्य इमारतीच्या दारापाशी थांबून पाहावे. भिंत फिकट चुनखडीची आहे, आणि दाराला मात्र आस्वानचे तांबूस ग्रॅनिट. हा दगड नाईल नदीतून जवळजवळ हजार किलोमीटर उत्तरेला आणलेला. तो दीपगृहाचाच असावा असे मानले जाते. बाकीचा समुद्रात आहे. १९९४ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ज्याँ-इव्ह आंपेरर यांच्या पाणबुड्या पथकाने किल्ल्याखालच्या तळावर तीन हजारांहून अधिक दगडांची नोंद केली. २०२५ मध्ये त्यातले २२ प्रचंड दगड पाण्याबाहेर काढून मोजण्यात आले. त्यांत दरवाजाच्या चौकटीचे दगड होते, काहींचे वजन ७० ते ८० टन. याच तळावर हेलिओपोलिसहून आणलेल्या, टॉलेमींपेक्षा हजार वर्षे जुन्या फराओंच्या स्तंभांचे तुकडेही सापडले. म्हणजे दुसऱ्याचा दगड उचलून आपला करायचा रिवाज मामलुकांनी किंवा तुर्कांनी आणलेला नाही. तो या शहराच्या जन्मापासूनचा आहे.

हे ध्यानात आले की बाकीच्या गोष्टी आपोआप ओळीत बसतात. 'क्लिओपात्राच्या सुया' म्हणून ओळखले जाणारे दोन स्तंभ आज लंडन आणि न्यूयॉर्क इथे आहेत. पहिला १८७८ मध्ये आणि दुसरा १८८१ मध्ये तिथे उभा राहिला. पण अलेक्झांड्रियातही ते पाहुणेच होते, रोमनांनी त्यांना हेलिओपोलिसहून आणलेले. 'पॉम्पीचा स्तंभ' पॉम्पीचा नव्हेच, तो इसवी सन ३०० च्या सुमारास सम्राट डायोक्लेशियनसाठी उभारलेला. एकाच दगडाचा वीस मीटरहून उंच दंड आजही जागेवर आहे, तो बहुधा कोणाला हलवता आला नाही म्हणूनच.

पण मला या शहरातली सर्वांत बोलकी जागा वाटते ती पाण्याची टाकी. आपल्याकडे गड चढणाऱ्याला टाके म्हणजे काय हे समजवावे लागत नाही. पाणी नाही तर गड नाही, हे तो जाणतो. अलेक्झांड्रियाला समुद्र होता, गोडे पाणी नव्हते. ते नाईलच्या कालव्यातून यायचे. पूर आला की कालवा भरायचा आणि शहराच्या पोटात खोदलेली शेकडो टाकी भरून घेतली जायची. त्यावर वर्ष काढायचे. त्यांपैकी अल-नबीह नावाचे टाके आजही धड आहे. आत तीन मजली खांबांची रांग आहे, खांबावर खांब, मध्ये कमानी. नीट पाहिले तर एकाही खांबाची शेजाऱ्याशी जोडी जमत नाही. कुठे संगमरवर, कुठे ग्रॅनिट. एकाच्या माथ्यावर ग्रीक धाटणीची पाने, दुसऱ्याच्या माथ्यावर ख्रिस्ती काळातली जाळीदार नक्षी, आणि उंची जुळावी म्हणून कुठे उलटा ठेवलेला दगड. पडलेल्या मंदिरांचे आणि चर्चचे खांब गवंड्यांनी इथे आणून पाणी धरायला लावले. जे खांब वर राहिले त्यांतले पुष्कळ चुन्याच्या भट्टीत गेले. खाली आले ते वाचले. टाके उघडे असेल की नाही हे आधी विचारून घ्यावे, पण विचारावे जरूर.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: डोळ्यांना दिसत नसेल तर जायचे कशाला, घरी पुस्तक वाचावे. पुस्तक वाचावेच, पण पुस्तकात अंतर कळत नाही. पूर्वेच्या बंदराचा अर्धचंद्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून गेल्यावरच उमजते, की राजवाडा, ग्रंथालय, धक्का आणि दीपगृह एकाच नजरेच्या टप्प्यात होते. सत्ता, विद्या आणि व्यापार इतक्या जवळ असल्यावर काय घडते, हेच तर अलेक्झांड्रियाचे सार. बंदरात शिरणाऱ्या जहाजांवरची पुस्तके उतरवून त्यांच्या नकला केल्या जात, अशी हकीकत गेलन या वैद्याने लिहून ठेवली आहे. धक्क्यापासून ग्रंथालय हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय ही हकीकत सुचणारही नाही.

ग्रंथालयाबद्दल तर आपल्या मनात एकच चित्र घट्ट बसले आहे, एका रात्रीत लागलेल्या आगीचे. पुरावा तसे सांगत नाही. इसवी सन पूर्व ४८ मध्ये सीझरच्या लढाईत आग लागली, तिसऱ्या शतकात राजवाड्याचा भाग युद्धात उद्ध्वस्त झाला, ३९१ मध्ये ग्रंथालयाची शाखा असलेले सेरापिस देवाचे मंदिर पाडले गेले. आणि अरबांनी पुस्तके जाळून हमामखान्यांचे पाणी तापवल्याची गोष्ट त्यांच्या विजयानंतर जवळजवळ साडेपाचशे वर्षांनी पहिल्यांदा लिहिलेली आढळते. उलट कोम अल-दिक्का इथे १९६० पासून पोलिश संशोधकांनी जे उकरून काढले ते या चित्राला छेद देणारे आहे. पाचव्या ते सातव्या शतकातल्या वीसहून अधिक व्याख्यानखोल्या तिथे ओळीने आहेत. भिंतीला लागून नालेच्या आकाराची दगडी बाके आहेत आणि मधोमध शिक्षकाची उंच जागा. म्हणजे ग्रंथालय संपल्यावरही इथे कित्येक पिढ्या शिकवत होत्या. सहलीतले लोक शेजारचे छोटे रोमन नाट्यगृह पाहून निघून जातात. या खोल्यांसाठी अर्धा तास राखावा. २००२ मध्ये उघडलेल्या नव्या ग्रंथालयाला कोणी दिखाऊ म्हणते, पण त्याच्या वाचनदालनात विद्यार्थी बसतात, ही साधी गोष्ट मला पुरेशी वाटते. त्याच्यासमोर टॉलेमी राजाचा जो प्रचंड पुतळा आहे, तोही समुद्रातून वर काढलेलाच.

मराठी वाचकाला इथे आणखी एक धागा सापडतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची माहितीवही लिहिली. 'पेरिप्लस' नावाने ती ओळखली जाते. तिच्यात सोपारा आहे, कल्याण आहे, पैठण आणि तेर आहे. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर आणि तेर तिथून पूर्वेला दहा दिवसांवर, इतका तपशील आहे. मोसमी वाऱ्यावर निघालेला माल तांबड्या समुद्रातल्या बंदरात उतरायचा, उंटांवरून नाईलपर्यंत आणि होडीतून अलेक्झांड्रियाला जायचा. तिथे मालाच्या चौथ्या हिश्श्याएवढी जकात पडे. व्हिएन्नात जपलेल्या दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर अशा एका जहाजाचा हिशेब आहे. ते जहाज मलबारातल्या मुझिरिसहून आले होते. त्याच सुमारास डिओ क्रिसोस्टम या वक्त्याने अलेक्झांड्रियातल्या श्रोत्यांमध्ये थोडे भारतीयही असल्याचे नोंदवले आहे. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके इथे सापडलेली बुद्धाची संगमरवरी मूर्ती २०२३ मध्ये जाहीर झाली. तिचा दगड भूमध्य समुद्राच्या परिसरातला आहे आणि ती अलेक्झांड्रियात घडवली असावी असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज आहे. हे मनात ठेवून कोम अल-शुकाफाच्या भुयारात उतरावे. तिथे अनुबिस हा कोल्ह्याच्या तोंडाचा इजिप्शियन देव रोमन शिपायाचे चिलखत घालून दाराशी उभा आहे. या शहराच्या कारागिरांना परक्या देवाला घरचे कपडे चढवायची सवय होती. त्यांच्या हातून बुद्ध घडला असेल तर नवल वाटू नये.

मुंबईशी नाते तर अगदी अलीकडचे. १७९८ मध्ये नेपोलियन उतरला तेव्हा इथली वस्ती दहा हजारांच्या आत आली होती. इजिप्तचा शासक मुहम्मद अली याने १८१७ ते १८२० मध्ये वेठबिगारांकडून महमुदिया कालवा खोदवला, त्यात हजारो माणसे मेली, आणि शहर पुन्हा उभे राहिले. १८३० मध्ये मुंबईहून 'ह्यू लिंडसे' ही आगबोट सुएझला गेली. पुढे सुएझचा कालवा होईपर्यंत मुंबईचे टपाल आणि माणसे सुएझला उतरून अलेक्झांड्रियामार्गे विलायतेला जात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस थांबला आणि १८६१ ते १८६५ या काळात दोन्ही शहरे एकाच वेळी कापसाने श्रीमंत झाली. मनशिया चौकात कापसाचा बाजार भरला तो या पैशावर. त्याच चौकातल्या बाजाराच्या सज्ज्यातून २६ जुलै १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष नासेर यांनी सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. आज ती इमारतही नाही. त्या काळच्या ग्रीक, इटालियन, ज्यू, सीरियन वस्तीच्या आठवणींवर पुष्कळ हळवे लिहिले जाते. कवी कवाफीचे घर पाहून मन हळवे होणे स्वाभाविकच आहे. पण कालवा खोदणाऱ्या फेल्लाहाचे, म्हणजे इजिप्शियन शेतकऱ्याचे, त्या आठवणींत नाव नसते, हेही विसरू नये.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. दगड उचलणे हीच या शहराची रीत असेल, तर आजच्या पाडापाडीलाही आपण मोकळीक देतो की काय? मुळीच नाही. काइतबेच्या गवंड्याने दीपगृहाचा दगड भिंतीत घातला, तो आजही पाहता येतो, मोजता येतो. याउलट १९९३ मध्ये किल्ल्याला लाटांपासून वाचवण्यासाठी त्याच समुद्रतळावर, दीपगृहाच्या अवशेषांवर, काँक्रीटचे ठोकळे टाकले जात होते. ओरड झाली म्हणून शोध सुरू झाला, नाही तर आज मोजायला काही राहिले नसते. जुना बंगला पाडून दहा मजले चढवले की त्याची वीटही पुढच्या इमारतीत जात नाही. पुनर्वापरात पुरावा टिकतो, पाडापाडीत तो संपतो. शहराचा निवाडा या फरकावर करावा. २००५ पासून बंद असलेले ग्रीक-रोमन संग्रहालय २०२३ मध्ये पुन्हा उघडले, ही मात्र समाधानाची गोष्ट आहे.

जाणाऱ्याने ई. एम. फॉर्स्टर यांचे १९२२ चे अलेक्झांड्रियावरचे पुस्तक मिळवावे. १९२१ मध्ये देवासच्या पवार महाराजांकडे खासगी सचिव म्हणून राहिलेले हेच फॉर्स्टर. त्या पुस्तकात इतिहासाचा भाग वेगळा आणि वाटाड्याचा भाग वेगळा आहे, आणि प्रत्येक जागेपाशी इतिहासाचे कुठले पान उघडायचे ते सांगितले आहे. जागा रिकामी असली तरी ती वाचता येते, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते. आणि विमानात बसण्याआधी एक दिवस कोल्हापूरसाठी काढावा. टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी कांस्यमूर्ती आहे. ती आधी पाहा, मग अलेक्झांड्रियाला जा.