पंपाची मोटार : दुरुस्त करावी की बदलावी?

पोहण्याच्या तलावाचे पाणी आपोआप निर्मळ राहत नाही. पंप ते ओढून घेतो आणि वाळूच्या गाळणीतून पुन्हा तलावात सोडतो. मोटार बंद पडली की पाणी साचते, शेवाळ धरते आणि पोहणे थांबते. अशा वेळी घाईने नवी मोटार आणण्याचा मोह होतो. परंतु विद्यार्थिमित्रहो, आधी दोष ओळखावा.

मोटार नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा पुष्कळदा तिचा कपॅसिटर निकामी झालेला असतो. एका फेजच्या विजेचे चुंबकक्षेत्र केवळ मागेपुढे होते. मोटारीस फिरण्याची पहिली चालना कपॅसिटर देतो. हा भाग स्वस्तात बदलता येतो. कर्कश आवाज येत असल्यास बेअरिंग झिजले असे समजावे. सीलमधून पाणी झिरपत असेल, तर बेअरिंगबरोबर सीलही बदलावे. एरवी नवे बेअरिंगही गंजेल. करपल्याचा वास आल्यास वाइंडिंग जळालेले असण्याचा संभव असतो. ते भरून घेण्याचा खर्च नव्या मोटारीच्या किमतीशी ताडून पाहावा. आपल्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेने मोटारीचे अंगच खाल्ले असेल, तर नवीच बरी.

वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युद्भार उरतो. म्हणून मोटार उघडणे हे जाणत्या कारागिराचेच काम. आपले काम कान देण्याचे. अडकलेली मोटार नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते व तापते. ती गुणगुणताच बटण बंद करावे. घरच्या विहिरीवरील पंपही याच दक्षतेने वाचतो.