‘आपल्याच ऑफिसातलं नेटवर्क, पासवर्ड कशाला?’

मोंढ्यातली आडत असो की एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचं ऑफिस, जालन्यात आता चित्र सारखंच दिसतं. हिशेब विंडोजवर, डिझाइनचं काम मॅकवर आणि कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर उबुंटू लिनक्स. तिघांना एकच फोल्डर हवा असतो. मग कुणी तरी सांगतं, “या सिस्टीम एकमेकींशी बोलत नाहीत. एसएमबी 1 चालू करा, पासवर्ड काढा, एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या. आपलंच नेटवर्क आहे, कोण येतंय?”

हा सल्ला इतक्यांदा ऐकला आहे, की आता स्पष्ट सांगतो: तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चूक आहे.

एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फायली देण्याघेण्याची भाषा. ती 1983 मध्ये आयबीएममध्ये जन्मली. लिनक्सला ती साम्बा या मोफत सॉफ्टवेअरमुळे येते, आणि 2013 च्या मॅव्हरिक्सपासून मॅकही एसएमबी 2 वापरतो. तिघांची भाषा एकच आहे. मग जुनाट एसएमबी 1 हवा कशाला? विंडोज 10 मध्ये तो 2017 च्या अखेरीपासून आपोआप बसत नाही, साम्बाही तो 2019 पासून डीफॉल्टने बंद ठेवतो.

कारण उघड आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस (रॅन्समवेअर) याच एसएमबी 1 मधल्या भोकातून जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ती अनेकांनी बसवली नव्हती. पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. त्याचाही एक मार्ग हाच होता. आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल त्यात ठप्प झालं. तेही कंपनीचं ‘आपलंच नेटवर्क’ होतं. आणि एव्हरीवनला फुल कंट्रोल असेल तर भोकाचीही गरज नाही: एका लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर शिरलं, की ते अख्खा सामायिक फोल्डर कुलूपबंद करतं.

खरी अडचण वेगळीच असते. लिनक्सवरचा फोल्डर उघडताना विंडोज पासवर्ड मागतं, माणूस लिनक्सचा लॉगिन पासवर्ड टाकतो आणि तो नाकारला जातो. साम्बाचा पासवर्ड वेगळा असतो, तो प्रत्येकासाठी एकदा नेमावा लागतो. दोन मिनिटांचं काम! ते माहीत नसलं, की ‘जुळत नाही’ म्हणून दार सताड उघडं टाकलं जातं. सोबत साम्बाच्या सेटिंगमध्ये किमान प्रोटोकॉल एसएमबी 3 ठेवा आणि एन्क्रिप्शन सक्तीचं करा. ज्याला फक्त वाचायचं आहे, त्याला फक्त वाचण्याचीच परवानगी द्या.

आणखी काही गैरसमज:

‘विंडोज 11 च्या अपडेटने शेअरिंग बिघडवलं.’ नाही. 24एच2 या अपडेटपासून प्रो आवृत्ती बिनपासवर्डाचं शेअर नाकारते, आणि तेच योग्य आहे.

‘डिस्कचा फॉरमॅट जुळायला हवा.’ नेटवर्कवर त्याचा संबंध नाही.

‘नावाच्या शेवटी डॉलर लावला की फोल्डर सुरक्षित.’ तो फक्त यादीत दिसत नाही.

‘लिनक्सवर ठेवलेल्या फायलींना व्हायरस नाही.’ तिथून उघडलेली बाधित फाइल विंडोजला बाधतेच.

‘घरून काम करायला राउटरवर एसएमबीचा 445 पोर्ट उघडा.’ कधीही नको, व्हीपीएन वापरा.

‘शेअर केलं म्हणजे बॅकअप झाला.’ बॅकअपची प्रत वेगळी आणि नेटवर्कपासून तोडलेली हवी.

आज दुकान बंद करण्यापूर्वी एवढं करा: प्रत्येक विंडोज पीसीवर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडा, एसएमबी 1.0 समोरची खूण काढा आणि पीसी रीस्टार्ट करा.