आधी थांबायची तयारी, मग सुटायची!

आल्प्समध्ये माउंटन बाइकिंगला जायचं ठरलं की आमच्या ग्रुपमध्ये दोन विषयांवर तासन्‌तास काथ्याकूट होतो. कॅमेरा कुठला न्यायचा आणि जॅकेट कुठल्या रंगाचं घ्यायचं! ब्रेकचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, 'लागतायत की रे!' लागतात, मान्य. पण ऑफिसच्या गेटपाशी लागणं वेगळं आणि तासभर उतरताना लागत राहणं वेगळं.

फ्रान्समधल्या आल्प द्युएझचंच उदाहरण घ्या. तिथे १९९५ साली 'मेगाअ‍ॅव्हलांश' ही उताराची शर्यत सुरू झाली. पिक ब्लाँ शिखराजवळ साधारण ३,३०० मीटरवर बर्फात सुरुवात आणि शेवट खाली आलमाँ गावात, साधारण ७२० मीटरवर. सिंहगडाच्या गाडीरस्त्याचा उतार धरा ६०० मीटर. म्हणजे चार सिंहगड एकावर एक ठेवायचे आणि एका दमात उतरायचे!

आता थोडं गणित. तुम्ही आणि सायकल मिळून ९५ किलो असाल, तर एवढं उतरताना सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा सुटते. साडेसात लिटर गार पाणी उकळीला आणायला ती पुरेल. काही वाटा वारा आणि टायर खातात, पण उरलेली बरीचशी उष्णता दोन पातळ चकत्यांच्या, म्हणजे रोटर्सच्या बोडक्यावर बसते.

हे दुखणं जुनंच आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही उत्साही पोरांनी जुन्या सायकलींवर डोंगर उतरायची शर्यत लावली. मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच पडलं 'रीपॅक'.

आजच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये ग्रीस जळत नाही, पण तेल उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. लिव्हर दाबली की तेलाऐवजी वाफच दबते आणि ब्रेक गायब! गेल्या ट्रिपला आमच्यातल्या एकाच्या भाड्याच्या सायकलची मागची लिव्हर निम्म्या उतारावर थेट हँडलला टेकली. पुढचा ब्रेक शाबूत होता आणि वाट रुंद होती, म्हणून निभावलं. वळण अरुंद असतं तर? त्या 'तर'साठीच ही तयारी.

तेल : डॉट प्रकारचं तेल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. ओलावा शोषल्यावर ही हमी १५५ वर येते. त्यामुळे ट्रिपआधी ताजं तेल भरून ब्लीडिंग करून घ्या. शिमानो, मागुरा यांच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं. एकाच्या जागी दुसरं घातलंत तर आतली सीलं खराब होतात. ब्रेकवर काय लिहिलंय ते वाचा, मेकॅनिकच्या अंदाजावर सोडू नका.

रोटर : मोठा रोटर म्हणजे जास्त जोर आणि उष्णता झेलायला जास्त धातू. मी पुढे २०३ मिलिमीटर आणि मागे १८० लावतो. मात्र फोर्क आणि फ्रेमला किती मोठा चालतो, ते आधी तपासा. शिमानोचे रोटर १.५ मिलिमीटरपर्यंत झिजले की बदलायचे.

पॅड : ऑरगॅनिक पॅड शांत असतात, पण लांब उतारावर लवकर हात टेकतात. सिंटर्ड, म्हणजे धातूचे पॅड तापमान जास्त सोसतात. आवाज करतात, करू देत! काही स्वस्त रोटर्सवर 'रेझिन पॅड ओन्ली' लिहिलेलं असतं, तिथे हे चालत नाहीत. जादा जोडी बॅगेत हवीच.

रुळवणं : नवे पॅड घालून थेट डोंगर गाठू नका. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्या, जोरात ब्रेक लावा, पूर्ण थांबायच्या आत सोडा. असं प्रत्येक ब्रेकला वीसेक वेळा. पॅडचा पातळ थर रोटरवर बसला, की पकड येते. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलकट बोट, चेन-स्प्रे यांना तिथे नो एंट्री!

विमानात चाकं काढून पॅक करताना पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकवा. चुकून लिव्हर दाबली गेली तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. तिथेच सायकल भाड्याने घेणार असाल, तर आणखी एक गंमत. आपल्याकडे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, फ्रान्समध्ये डाव्या. दुकानाच्या दारातच दाबून बघा आणि हवं तर बदलून मागा.

एवढं केल्यावर उरतो तुमचा हात. अख्खा उतार ब्रेक हलकेच धरून उतरू नका. त्याने रोटरला गार व्हायला फुरसतच मिळत नाही. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा, वाऱ्याला त्याचं काम करू द्या. लिव्हर मऊ लागली किंवा हँडलकडे सरकू लागली, तर बाजूला थांबा. पाच-दहा मिनिटं डोंगर बघा, रोटरला बोट मात्र लावू नका, चांगलाच चटका बसतो. तसंही एवढे पैसे खर्चून आल्प्स बघायलाच तर गेलोय ना आपण?