चाकांवरचं गणगोत

शाळेत चारचौघींत न मिसळणाऱ्या मुलीला मोठी माणसं एकच सल्ला देतात: जरा बदल, म्हणजे मैत्रिणी मिळतील. अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीला नव्याने रुजलेल्या बायकांच्या रोलर डर्बीत अशा कितीतरी मुली न बदलता रमल्या. याचं श्रेय सहसा रंगवलेले केस, गोंदणं आणि खेळाडूंनी स्वतःला घेतलेली दांडगट टोपणनावं यांना दिलं जातं. मला हे कारण अपुरं वाटतं. वेषामुळे मुलगी चार दिवस हरखून जाईल. तिचा पाय तिथे टिकतो तो आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे कळल्यामुळे. ही जाणीव या खेळाच्या नियमांत आणि कारभारात मुळापासून आहे.

आधी नियम पाहू. सामना ३० मिनिटांच्या दोन डावांचा. अंडाकृती ट्रॅकवर प्रत्येक संघाच्या पाच जणी स्केट्सवर उतरतात: हेल्मेटवर चांदणी असलेली एक जॅमर आणि चार ब्लॉकर. प्रत्येक खेळी, म्हणजे ‘जॅम’, जास्तीत जास्त दोन मिनिटांची. जॅमरने ब्लॉकरचा घोळका एकदा पार केला की पुढच्या प्रत्येक फेरीत मागे टाकलेल्या एकेका प्रतिस्पर्धी ब्लॉकरचा एक गुण मिळतो. आपल्याला कबड्डीतली चढाई आठवेल. मात्र इथे दोन्ही संघांच्या चढाया एकाच वेळी चालतात. त्यामुळे ब्लॉकरना एकाच क्षणी समोरचीला अडवायचं असतं आणि आपल्या जॅमरला वाटही करून द्यायची असते. तिघी अंगाला अंग भिडवून भिंत करतात, चौथी त्यांच्याकडे तोंड करून उलटी सरकत हातांनी त्यांना तोलून धरते. एक जरी हलली तरी भिंत फुटते. ज्या रुंद बांध्यावरून वर्गात नावं ठेवली जातात, तो या भिंतीत कामाला येतो. चणीने लहान मुलगी फटीतून निसटते. एकाच मापाचं शरीर हा खेळ मागत नाही.

कारभाराची गोष्ट याहून महत्त्वाची. लिओ सेल्टझर यांनी १९३५ मध्ये शिकागोत हा खेळ सुरू केला, तेव्हापासून बायका पुरुषांच्याच नियमांनी खेळत. पण तो धंदा होता आणि १९७०च्या दशकात तो बसला. नव्या शतकाच्या आरंभी टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये बायकांनी त्यात पुन्हा जीव ओतला. २००३ मध्ये तिथे फूट पडली आणि सपाट ट्रॅकवर खेळणारा, खेळाडूंनीच चालवलेला ‘टेक्सास रोलरगर्ल्स’ हा गट उभा राहिला. सपाट ट्रॅक कुठल्याही मोठ्या हॉलमध्ये दोरी आणि चिकटपट्टीने आखता येतो, म्हणून खेळ गावोगाव पसरला. ट्रॅक आखणं, तिकिटं विकणं, नवख्यांना शिकवणं ही सगळी कामं खेळाडूच वाटून घेतात. एका सामन्याला सातपर्यंत पंच लागतात. शिवाय गुण लिहिणारे, शिक्षेचे ३० सेकंद मोजणारे वेगळेच. अजून नीट स्केटिंग न येणारी मुलगीही स्टॉपवॉच धरून सामना चालवायला हातभार लावते. समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस बीव्हर यांनी २०१२ मधल्या आपल्या शोधनिबंधात ‘खेळाडूंनी, खेळाडूंसाठी’ या याच वृत्तीचा अभ्यास केला आहे.

किशोरवयीन मुलींच्या दोन कथा इथे शेजारी ठेवून पाहाव्यात. ड्रू बॅरीमोर दिग्दर्शित ‘व्हिप इट’ (२००९) मधली १७ वर्षांची ब्लिस आईच्या सौंदर्यस्पर्धांना कंटाळून, वय लपवून संघात शिरते आणि आपल्या वेगाने चमकते. व्हिक्टोरिया जेमिसन यांच्या ‘रोलर गर्ल’ (२०१५) या चित्रकादंबरीतली १२ वर्षांची अ‍ॅस्ट्रिड मात्र डर्बीच्या शिबिरातली सर्वांत कच्ची मुलगी. तिला जॅमर व्हायचं असतं, पण ती जागा मैत्रीण झोईला मिळते. हेवा गिळून तिच्यासाठी झटणं हेच अ‍ॅस्ट्रिडचं मोठं होणं. जेमिसन स्वतः पोर्टलंडच्या ‘रोझ सिटी रोलर्स’मध्ये खेळत. मला त्यांची कथा अधिक खरी वाटते, कारण चमकणारीला जागा कुठेही मिळते. कच्चीला ती मिळते का, यावर खेळाची पारख होते.

यावर आक्षेप आहेत. धक्काबुक्कीच्या खेळात कोवळ्या मुलींना का ढकलायचं? दुखापती होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुलींच्या संघांत धक्क्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, आणि पहिला धडा पडण्याचा असतो: गुडघ्यावर पडायचं, बोटं मुठीत मिटायची, म्हणजे मागून येणारीचं चाक त्यांवरून जाणार नाही. दुसरा आक्षेप असा की कुठलाही सांघिक खेळ हेच देईल. देईलही, पण शालेय संघात निवडचाचणीत गळलेलीला परत यायला वाट नसते, आणि इथे शून्यापासून शिकवणं हा संघाचाच नित्यक्रम आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: स्केट्स, हेल्मेट, पॅड यांचा खर्च मोठा आहे आणि अमेरिकेत हा खेळ बराचसा गोऱ्यांचाच राहिला आहे. दार उघडं आहे एवढं म्हणून भागत नाही, ते उघडं ठेवायला झगडावं लागतं. न्यूयॉर्कजवळच्या नॅसो काउंटीने २०२४ मध्ये पारलिंगी स्त्रिया असलेल्या महिला संघांना सरकारी मैदानं बंद केली, तेव्हा ‘लाँग आयलंड रोलर रेबेल्स’ संघ न्यायालयात गेला. मे महिन्यात तो आदेश रद्द झाला. काउंटीने तशाच आशयाचा कायदा केला, तेव्हा संघाने पुन्हा दावा लावला. पैशाच्या भिंतीविरुद्धही इतक्याच हट्टाने लढायला हवं.

म्हणून एकट्या पडलेल्या मुलीला समजून घेण्याच्या आपल्या सदिच्छा पुरेशा नाहीत. समजून घेतलेली मुलगी पाहुणीच राहते. तिच्या हाती खरं काम द्यावं, ते चुकलं तर सर्वांचं अडेल इतकं खरं; आणि ते शिकायला तिला पुरेसा वेळ द्यावा. शाळा, वाचनालयं, नाट्यसंस्था, क्रीडामंडळं यांतल्या कुणालाही हे जमण्यासारखं आहे, आणि त्यासाठी चाकांचीही गरज नाही.