दुभंगलेला ओठ : वय आईचे आणि वडिलांचेही

साखरा (ता. सेनगाव) येथील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वय ३७, पतीचे ४४. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेल्या त्यांच्या बाळाचा वरचा ओठ आणि टाळू दुभंगलेली आहे. सासूबाई म्हणतात, ग्रहणात विळीला हात लावला असेल. शेजारणी म्हणतात, उतारवयातले मूल असेच व्हायचे. ‘हे माझ्या वयामुळे झाले का, आणि दुसरे मूल होऊ द्यावे का?’ असे ताईंनी विचारले आहे. दवाखान्यातही हा प्रश्न मला बायकाच विचारतात. स्वतःच्या वयाविषयी विचारणारा नवरा अजून भेटलेला नाही.

आपल्याकडे टाळू म्हटले की बाळाच्या डोक्यावर तेल भरतो ती जागा आठवते. येथे टाळू म्हणजे तोंडाचे आतले छत. गर्भाच्या चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये सांधले जातात. ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत, टाळू बाराव्यापर्यंत. हा सांधा अपुरा राहिला की फट राहते. सुमारे सातशे जन्मांमागे एक मूल असे असते. एका ग्रहणाच्या वेळी तालुक्यात शेकडो बायका गरोदर असतात आणि त्यांतल्या कितीतरी जणी स्वयंपाकही करतात. त्यांची मुले धडधाकट जन्मतात.

वयाचा संबंध मात्र थोडाफार आहे. डेन्मार्कमधील १९७३ ते १९९६ या काळातल्या सुमारे पंधरा लाख जन्मांच्या नोंदी तपासून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आईचे वय जास्त असेल तर ओठ दुभंगण्याचा धोका वाढतो आणि वडिलांचे वय जास्त असेल तरीही वाढतो. नुसती टाळू दुभंगण्याचा संबंध तर फक्त वडिलांच्या वयाशी आढळला. पुरुषाच्या वयाबरोबर बीजात बारीक बदल साठत जातात, हे एक संभाव्य कारण. पण हा धोका किती? समजा तो दीडपट झाला. तरी दहा हजारांत चौदा मुलांची एकवीस होतील. बाकीची ९,९७९ नीटच असतील. आपल्या भागात विशीतल्या आयांचीही अशी मुले असतात, हे शेजारणींनी ध्यानात घ्यावे.

वयापेक्षा घराण्याचा भाग मोठा. आईबाप निर्दोष असून एक मूल असे झाले, तर पुढच्या वेळी शंभरात साधारण चार वेळा तसे होऊ शकते. म्हणजे ९६ वेळा होत नाही. एवढ्यावरून मी ताईंना ‘नको’ म्हणणार नाही. मात्र नात्यातले लग्न असेल, किंवा घरात आणखी कुणाला असे असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. पस्तिशीनंतर रक्तदाब व साखरेची तपासणी हवीच. आधीपासूनचा मधुमेह ताब्यात नसेल तर या व्यंगाचाही धोका वाढतो. आईने विडी ओढू नये. फिट्सच्या काही गोळ्यांनीही धोका वाढतो, पण त्या मनाने बंद करू नयेत. दिवस राहण्यापूर्वी बदलून घ्याव्यात. फॉलिक ॲसिडची गोळीही दिवस राहण्याआधीच सुरू करावी, कारण पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत चेहरा घडू लागलेला असतो. मणक्याच्या व्यंगात या गोळीचा फायदा पक्का सिद्ध आहे, ओठ-टाळूबाबत तितका नाही. तरी ती घ्यावीच.

आता हाताशी असलेल्या बाळाकडे वळू. टाळूला फट असल्याने त्याला दूध ओढता येत नाही. बसते धरून, आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे. शस्त्रक्रियेसाठी वजन हवे आणि वजन पाजण्यावर आहे. कागदावर ‘नागपूर वर्गीकरण, गट तीन’ असे लिहिलेले दिसले तर घाबरू नये. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९७५ मध्ये हे गट मांडले. पहिला ओठाचा, दुसरा टाळूचा, तिसरा दोन्हींचा.

अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवावे. २०१३ पासूनच्या या योजनेत हे व्यंग धरलेले असून शस्त्रक्रिया मोफत होते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. ओठ शिवला, चेहरा छान दिसू लागला की पुष्कळ घरे टाळूचे राहू देतात. मग मूल नाकातून बोलते आणि शाळेत मुले हसतात. या मुलांच्या कानात पाणीही साचते, म्हणून टाळूच्या वेळीच कान तपासून घ्यावेत.